रकाना वाचणारे शिकलगार चाचा

माझ्या दुकानात रडत आलेल्या माणसाला शिकलगार चाचा आधी नाव विचारायचे नाहीत. "घरात काय म्हंता त्याला?" असं विचारायचे. समोरचा गोंधळून जायचा. भावाला पोलिसांनी उचललंय, कुठल्या ठाण्यात नेलंय त्याचा पत्ता नाही, वकील फोन घेत नाही, आणि हा टोपीवाला म्हातारा लाडाचं नाव विचारतोय. पण चाचांना कसली घाई नसायची. "माणूस घाबरला की आधी घरातलं नाव सांगतो," ते म्हणायचे. "शाळंच्या दाखल्यावरचं नाव तवा आठवत न्हाय. तुमी हिकडं आधार कार्ड घिऊन हिंडाय लागलाय, आन् तिकडं वहीत त्यो बंड्या म्हणून बसलाय."

माझं दुकान झेरॉक्स, टायपिंग आणि लॅमिनेशनचं. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला, कोर्टासमोर. कोर्टासमोरच्या दुकानात बाईला टिकायचं तर जीभ जरा धारेची लागते, आणि माझी आहे असं गिऱ्हाईकं मला तोंडावर सांगतात. त्या जिभेला न घाबरणारा माणूस मी एकच पाहिला. चाचा जाऊन आता दीड वर्ष झालं. अजून कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, "ते जेलातली माणसं शोधून देणारे चाचा कुठायत?" मी सांगते. मग तो माणूस थोडा वेळ दारातच उभा राहतो, आणि मलाच त्याला पाणी द्यावं लागतं.

ते पहिल्यांदा आले ते एका कागदाची झेरॉक्स काढायला. तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभागात, म्हणजे निकालाच्या आणि हुकमांच्या प्रती काढायच्या टेबलावर, त्यांची सगळी नोकरी गेलेली. निवृत्त होऊन महिना झाला होता. झेरॉक्स घेतली, मूळ कागदाशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "ताई, खालची ओळ जरा कापली की." मी म्हटलं, खालच्या ओळीत फक्त छापखान्याचं नाव आहे. ते म्हणाले, "असंना का. वळ हाय न्हवं?" मी दुसरी काढून दिली आणि मनात म्हटलं, हे गिऱ्हाईक परत येऊ नये. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, आणि महिन्याभरात माझ्या दुकानातलं लाकडी स्टूल त्यांचं झालं. चपला उंबऱ्याच्या बाहेर काढायचे. मी सांगून दमले की हे दुकान आहे, देऊळ नाही आणि मशीदही नाही. "कागद हाईत की हितं," एवढंच म्हणायचे.

खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. शर्टाच्या दुसऱ्या खिशात कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. ते एकेक सोलून खायचे आणि सालं परत पुडीतच ठेवायचे. अर्ज मात्र कधी शेंगदाण्याच्या हातानं धरला नाही. आधी हात पुसायचे, मग चष्मा पुसायचे, मग कागद घ्यायचे, आणि तेवढ्या वेळात समोरच्या माणसाचं रडणं आपोआप थांबलेलं असायचं.

काम काय करायचे, तर अटक झालेली, जेलात असलेली, किंवा असतील असा संशय असलेली माणसं शोधून द्यायचे. कुणाच्या ओळखीनं नाही, अर्जानं. अटक केलेल्यांची नावं पोलिसांनी जाहीर करायची असतात, फलकावर लावायची असतात, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? चाचा रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर ती यादी उघडायला लावायचे आणि पेपरातल्या निधनवार्ता वाचाव्यात तशी शांतपणे वाचायचे. यादीत नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज. बाकी लोक माहिती अधिकार म्हटलं की तीस दिवस मोजायला लागतात. चाचा अर्जाच्या डोक्यावर तांबड्या पेनानं लिहायचे, 'व्यक्तीच्या जीविताशी व स्वातंत्र्याशी संबंधित', आणि खाली 'अठ्ठेचाळीस तासांत'. कायद्यातच तसं आहे. ते तांबडं वाक्य लिहिताना त्यांचा चेहरा इतका समाधानी व्हायचा की बिर्याणी वाढलेल्या ताटापुढेही मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नाही.

अर्ज फेटाळला गेला तर मी चिडायचे. चाचा उलट खूश. "फेटाळलाय म्हंजे वाचलाय," म्हणायचे. आणि नकार वाचायची तर त्यांची स्वतंत्र विद्या होती. एकदा माझ्या हातातला नकाराचा कागद घेऊन त्यांनी मला ती शिकवली. "हे बगा ताई. 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं तर माणूस तिथं न्हाय. 'माहिती देता येत नाही' असं आलं तर माणूस तिथं हाय. लिवणाऱ्या क्लार्कला खोटं लिवायचं नसतंय. त्येला निस्तं सांगायचं नसतंय." या एका फरकावर त्यांनी किती घरांत चूल पेटवली असेल, देव जाणे.

पण सरसकट सगळ्यांचं काम करायचे असं नाही. एकदा एक पैलवान आले. वय झालेलं, पण मान अजून तालमीतलीच. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं.

"चाचा, पोरगं आत जाऊन आलंय का, एवढंच काडून द्या. जावय करायचाय."

"जावय हरवलाय?"

"हरवतोय कशाला? इचलकरंजीत दुकान हाय की त्याचं."

"मग त्येलाच जाऊन इचारा. सापडलेल्या माणसाचं मी काडत न्हाय."

पैलवानांचा आवाज चढला. समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली. "कायदा काय तुमच्या घरचा हाय व्हय? सगळ्यास्नी मागता येतंय म्हणं."

चाचांनी पुडी पुढे केली. "घ्या, श्यांगदाणं घ्या. ह्यो कायदा माणूस हुडकायला हाय पैलवान. माणूस सोलायला न्हाय."

पैलवान शेंगदाणे न घेता गेले, आणि जाताना माझ्याच दुकानाला नावं ठेवून गेले. मी चाचांवर घसरले, गिऱ्हाईक घालवलंत म्हणून. पंधरा दिवसांनी तेच पैलवान लग्नाची पत्रिका घेऊन हजर. म्हणे, इचलकरंजीला गेलो आणि सरळ विचारलं. मुलानं खाली मान घालून सांगितलं की गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली होती, एक रात्र आत होतो. पैलवानांना पोरगं एकदम पसंत पडलं. "आमच्या इरुद्ध पार्टीत हुता त्यो," ते चाचांना सांगत होते, "पन खरं बोलला की." त्या दिवशी त्यांनी पुडीतले निम्मे शेंगदाणे संपवले.

चाचांना 'साहेब' म्हटलेलं खपायचं नाही. वकील म्हणायचे, पक्षकार म्हणायचे, त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. मला वाटायचं, साधेपणा आहे. एका ईदला मी त्यांना भेट म्हणून छोटी कार्डं छापून दिली, जाड कागदावर, 'शिकलगार साहेब, मार्गदर्शन' अशी. त्यांनी कार्ड हातात घेतलं, तांबडं पेन काढलं आणि 'साहेब'वर रेघ मारली. मग दुसऱ्या कार्डावर मारली. मग तिसऱ्या. मी हौसेनं शंभर छापली होती. मी अशी काही तापले की मशीन बंद करून त्यांच्यापुढे उभी राहिले. तेव्हा त्यांनी सांगितलं. परत कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट. बाळासो नावाच्या एका माणसाला जामीन झाला. आपल्याकडे घरटी एक बाळासो, आप्पासो, रावसो असतो, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. हुकमाची नक्कल चाचांनी केली. त्यांचं अक्षर आणि त्यांची टापटीप अख्ख्या कोर्टात नावाजलेली. त्यांना वाटलं, 'सो' म्हणजे 'साहेब'चं घाईतलं तोडकं रूप. सरकारी कागदात असं तोडकं कशाला? त्यांनी आदरानं, सुबक अक्षरात, पूर्ण लिहिलं, 'बाळासाहेब'. कागद जेलात गेला. जेलातल्या क्लार्कनं पाहिलं, आपल्याकडे बाळासाहेब नाही, बाळासो आहे. त्यानं कागद परत पाठवला. मध्ये सुट्ट्या आल्या. दुरुस्त कागद पोहोचेपर्यंत चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत बाळासोची आई गेली. मातीला तो नव्हता.

"भांडाय आला असता तर बरं झालं असतं," चाचा म्हणाले. "सुटल्यावर आला, टेबलापुढं हुबा ऱ्हायला. कागद दाखवला आन् इचारलं, ह्यात सायेब कोण वो? मी तर निस्ता बाळासो."

एवढं सांगून ते शेंगदाण्याची पुडी गुंडाळत बसले. शंभर कार्डं मी उचलली आणि मागच्या बाजूनं कच्च्या कागदासाठी वापरून टाकली. तेव्हा मला कळलं, हा माणूस निवृत्तीनंतर रोज माझ्या दुकानात येऊन काय फेडतोय.

गौरव्वा आली ती अशाच एका सकाळी. नेसरीच्या पुढचं, कर्नाटकच्या हद्दीला लागलेलं गाव. पन्नाशीची बाई, कपाळाला भंडारा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो. तिचा भाऊ सिद्धाप्पा. ती त्याला तम्मा म्हणायची, तिकडे धाकट्या भावाला म्हणतात तसं. चाळिशीचा, बिनलग्नाचा, लहानपणी तापात कान गेलेले. खूप मोठ्यानं ओरडलं तर ऐकायचा, नाहीतर हसायचा. बोलणं तुटक. बहिणीच्या घरी राहायचा, शेतात राबायचा. गावातल्या माणसांबरोबर जोतिबाच्या चैत्री यात्रेला गेला, गर्दीत चुकला आणि परत आलाच नाही. त्याला सात महिने झाले होते. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली होती, देवस्थानांत चौकशी झाली होती, दवाखाने झाले होते. गावातल्या लोकांनी तिला सांगून टाकलं होतं की आता दहावं घाल.

"मी घालनार न्हाई," ती चाचांना म्हणाली. "त्यो हाय. कुटंतरी हाय. त्येला कोन जेवाय घालतंय, एवडं मला सांगा."

चाचांनी हात पुसले, चष्मा पुसला. "घरात तम्मा म्हंता. गावात काय म्हंत्यात?"

"शिदा."

आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या जेलांना अर्ज गेले. सिद्धाप्पा भरमाप्पा नाईक, किंवा शिदा नाईक. एकेक उत्तर आलं. माहिती उपलब्ध नाही. उपलब्ध नाही. उपलब्ध नाही. गौरव्वा दर सोमवारी पहिल्या गाडीनं यायची, दाराच्या पायरीवर बसायची आणि चाचांच्या तोंडाकडे बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद उघडताना चाचांच्या भुवया वाचता येत होत्या. एका सोमवारी तिनं कागद उघडूच दिला नाही. "आज नगं," म्हणाली. "आज उपाशी हाय मी."

मी चाचांना आत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावताय तुम्ही त्या बाईला. जेलात असता तर पोलिसांनी घरी कळवलं असतं, तसा नियम आहे, तुम्हीच सांगता. चाचांनी आलेले नकार पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "कळवलं आसंल की. पन कुनाला?"

आणि त्यांनी नाव मागायचं सोडून दिलं. नवा अर्ज लिहिला, त्यात नावच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं की चैत्रापासून दाखल झालेल्या कच्च्या कैद्यांमध्ये, दाखल झाल्यापासून एकही मुलाखत, फोन किंवा पत्र न आलेले आणि ज्यांच्या वैद्यकीय नोंदीत कमी ऐकू येतं असं आहे, असे किती? फक्त संख्या द्या. "आकडा मागितला तर कुनाची आब्रू जात न्हाय," मला म्हणाले. "नावानं गावत नसंल तर मोकळ्या रकान्यानं गावंल."

तीन ठिकाणांहून आलं, संख्या निरंक. चौथं उत्तर एका परजिल्ह्यातल्या जेलाचं होतं. दोनच ओळी. संख्या: एक. इतर तपशील देता येत नाही.

चाचांनी तो कागद दोनदा वाचला आणि गौरव्वाकडे दिला. ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. त्यांनी तिचं बोट धरून त्या एकाच्या आकड्यावर ठेवलं. ती बोट उचलेचना. मी मशीनकडे तोंड करून उभी राहिले, कारण दुकानदार बाईनं गिऱ्हाइकादेखत रडू नये असं माझं मत आहे.

पुढचं काम मोफत विधी सेवेतल्या एका तरुण वकीलबाईनं केलं. त्या जिल्ह्यात जाऊन अटकेच्या फॉर्मची नक्कल काढली आणि फोटो पाठवला. चाचांनी मला तो मोठा करून छापायला सांगितला. नाव: शिदा पावणे. राहणार: कोल्हापूर. खाली, सोबतच्या आरोपीशी नाते: पावणे. अटकेची माहिती कोणास दिली: सोबतच्या आरोपीस, नातेवाईक या नात्याने.

चाचा आधी हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मग हसणं तसंच थांबलं आणि ते कागदाकडे बघत राहिले.

झालं होतं ते असं. जोतिबाच्या पायथ्याला शिदानं हात केला आणि एका टेंपोवाल्यानं त्याला गाडीत घेतलं. टेंपोत चोरीच्या पाण्याच्या मोटारी होत्या. परजिल्ह्यात गाडी अडवली. पोलिसांनी विचारलं, हा कोण? टेंपोवाला आपल्याकडचा. आपण अनोळखी माणसाला काय म्हणतो? तो म्हणाला असणार, म्हाईत न्हाय, पावणं हाय कोनतरी. लिहिणारा हवालदार तिकडचा. त्याच्या कानाला पावणं म्हणजे पाहुणा, सोयरा. त्यानं नात्याच्या रकान्यात लिहिलं आणि आडनाव मिळेना म्हणून आडनावाच्या रकान्यातही तेच लिहिलं. आता शिदा चोराचा सोयरा झाला, म्हणजे साथीदार झाला. घरी कळवायचं तर सोयरा शेजारीच उभा, त्यालाच कळवलं. टेंपोवाला दोन महिन्यांत जामिनावर सुटला आणि गायब झाला. शिदा राहिला. त्याला तारखेला उभं करायचे, विचारायचे, आणि तो हसायचा.

"ज्येला कोन वळखत न्हाय त्येला आपन पावणं म्हंतो," चाचा म्हणाले, "आन् त्येनी त्याच शब्दानं नातं जोडलं की वो ताई." तांबडं पेन त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. त्या हवालदाराबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. मी काढले, भरपूर काढले. ते म्हणाले, "नगा. त्येनं बी मनापासनंच लिवलं आसंल."

वकीलबाईनं कोर्टापुढे हा एक शब्द मांडला. गौरव्वाचे कागद, फोटो, गावच्या पोलीस पाटलाचा दाखला जोडला. जामीन झाला. हुकमाची प्रत निघायच्या आधी चाचांनी वकीलबाईला तीन वेळा फोन केला. 'शिदा पावणे उर्फ सिद्धाप्पा भरमाप्पा नाईक' असंच पाहिजे, एकही अक्षर इकडचं तिकडे नको, कुणी नीटनेटकं करायला गेलं तर हात धरा. वकीलबाई शेवटी वैतागली आणि तिनं कच्ची प्रत त्यांना फोनवर अक्षर-अक्षर वाचून दाखवली.

सोडवायला आम्ही तिघं गेलो. चाचा जेलाच्या दारापर्यंत कधीच कुणासोबत गेले नव्हते. "माझं काम कौंटरपतूर," हे ठरलेलं उत्तर. त्या दिवशी मी विचारलंही नाही. सकाळी बसस्टँडवर पोचले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून गौरव्वाशेजारी बाकावर बसलेले. गाडी पाच तासांची. गौरव्वाच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं होतं आणि चाचांच्या मांडीवर फाईल.

त्यानंतरही चाचा तीन-चार महिने दुकानात येत होते. मग एका गुरुवारी आले नाहीत, आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. पण आज डोळे मिटले की ते मला स्टुलावरचे दिसत नाहीत. त्या दुपारचे दिसतात.

ऊन कलत होतं. जेलाचं छोटं दार उघडलं आणि एक हडकुळा माणूस वाकून बाहेर आला. दाढी पांढरी झालेली. गौरव्वाला क्षणभर ओळखू आला नाही, मग आला. "तम्मा," ती म्हणाली, पण इतकं हळू की शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू गेलं. तो रस्त्याकडे बघत सरळ चालत निघाला. एवढ्यात मागून शिपाई ओरडला, "अरे पावणे, पिशवी राहिली तुझी."

तो झटकन वळला. पाय जुळवले, हात मांड्यांना लावले आणि ताठ उभा राहिला.

गौरव्वानं तोंडाला पदर लावला. इतके महिने तिनं ज्या नावानं देवांना साकडं घातलं होतं, ते नाव त्याच्या कानाला पोहोचलं नव्हतं, आणि हे पोहोचलं होतं.

चाचांनी फाईल माझ्या हातात दिली. दोन पावलं पुढे गेले, टोपी सारखी केली, आणि कोर्टाच्या दारात शिपाई पुकारतो तसं पुकारलं. "सिद्धाप्पा भरमाप्पा नाईक." तो आवाज त्या बारीक छातीत होता हे मला माहीत नव्हतं. रस्त्यापलीकडच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. शिपाई पिशवी हातात धरून थांबला.

तो माणूस हलला नाही.

"सिद्धाप्पा भरमाप्पा नाईक."

त्यानं मान वळवली. आधी चाचांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बहिणीकडे.

तिसऱ्या वेळी चाचांचा आवाज फाटला. सिद्धाप्पाचा उजवा हात हळूहळू, शाळेतल्या मुलासारखा खांद्यापर्यंत वर आला. "व्हय जी," तो म्हणाला.

गौरव्वा धावली. चाचांनी तिकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळले, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "ताई," ते म्हणाले, "लिवा. हजर हाय."